मोझनायिम आणि बिस्किटांच्या डब्याचं झाकण

ईरा आणि अर्जुन, तुमच्या तराजूआजोबांइतकं मन लावून ऐकणारा माणूस मी माझ्या पंचाहत्तर वर्षांत दुसरा पाहिला नाही, आणि एका विशिष्ट माणसाचं अडतीस वर्षं अजिबात न ऐकण्याचा विक्रमही त्यांच्याच नावावर आहे. हे आत्ता लिहायला बसले त्याचं कारण तुम्हीच. गेल्या रविवारी व्हिडिओवर मी तुम्हाला सांगितलं, की आजोबांनी त्यांचा पितळी तराजू तुम्हा दोघांसाठी ठेवलाय. त्यावर ईरा म्हणाली, "ऑसम! आय विल टेक वन बोल, अर्जुन कॅन हॅव द अदर." आणि अर्जुन एरवी कशालाच हो म्हणत नाही, तो लगेच म्हणाला, "डील." माझा चहाचा कप ओठांपर्यंत येऊन थांबला. या तराजूची नेमकी हीच वाटणी पूर्वी एकदा झालेली आहे, आणि ती निस्तरायला एक आयुष्य पुरलं नाही. म्हणून पार्सल पोस्टात टाकण्याआधी हे लिहिते आहे. बाबाला वाचून दाखवायला सांगा. तो मधली पानं गाळायला बघेल, म्हणून मी प्रत्येक पानावर आकडा घातला आहे.

आमची ओळख झाली ती इथे न्यूझीलंडात, अप्पर हटच्या रविवारच्या भाजीबाजारात. तेव्हा मी तुमच्या बाबाकडे राहायला नुकतीच आले होते आणि मराठी ऐकायला कान आसुसलेले होते. एका गाळ्यापाशी लोकरी टोपी, जाड स्वेटर आणि खाली मोज्यांवर चक्क जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अशा वेशातले एक गृहस्थ दोन बोटांत छोटा पितळी तराजू धरून उभे होते. एका पारड्यात मूठभर आलं होतं, दुसऱ्यात वजनं. त्यांनी डोळे मिटले होते आणि तराजूच्या काट्याला जवळजवळ कान लावला होता. गाळ्यावरची सामोअन बाई हाताची घडी घालून शांतपणे वाट पाहत होती. थोड्या वेळानं ते मराठीत पुटपुटले, "हं, झालं समाधान." मग तिला म्हणाले, "करेक्ट." ती म्हणाली, "सी? आय टोल्ड यू, अंकल. एव्हरी वीक आय टेल यू." मी पुढे होऊन विचारलं, "अहो, तुमचा त्या बाईंवर विश्वास नाही का?" मराठी ऐकून त्यांना माझ्यापेक्षाही जास्त आनंद झाला, पण आधी त्यांनी प्रश्नाचं उत्तर दिलं. "बाई, तिच्यावर पूर्ण आहे. मी तिचं नाही, तराजूचं ऐकतोय. आठवडाभर पेटीत बसून असतो बिचारा."

मी शिक्षिका होते हे त्यांना अजून सांगितलेलं नव्हतं, तरी त्यांनी पहिल्या वाक्यातच मला 'बाई' म्हटलं. ते शेवटपर्यंत टिकलं. ते स्वतः मूळचे रेवदंड्याकडचे. कोकणात फार जुन्या काळी समुद्रातून आलेले यहुदी लोक स्थायिक झाले, बेने इस्राएल म्हणतात त्यांना, त्यातलं त्यांचं घराणं. हे लोक घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगावी त्यांना शनवारतेली म्हणत. तराजूआजोबा ही ओळख मोठ्या दिमाखात सांगायचे. तुमच्या गोऱ्या शेजाऱ्यांनाही सांगायचे. "सॅटरडे ऑइलमेन" ऐकून त्या भल्या माणसांना ते एखाद्या रग्बी संघाचं नाव वाटायचं. वडिलांच्या वेळेपर्यंत घाणा गेला होता आणि अलिबागेत काष्ठौषधींचं दुकान आलं होतं. तिथला हा तराजू. त्यावर ज्येष्ठमध, वेखंड, सुंठ, हिरडा असलं सगळं तोललं जायचं. थोरला मुलगा, म्हणजे आपले आजोबा, औषधशास्त्र शिकून इकडे आले, एका फार्मसीत निवृत्त होईपर्यंत गोळ्या मोजत राहिले, आणि मनातून कायम दुःखी राहिले, कारण गोळ्या मोजाव्या लागतात, तोलाव्या लागत नाहीत.

आता तो शब्द. तो सांगितल्याशिवाय ते कुणालाच सोडायचे नाहीत. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही नाही. हिब्रू भाषेत तराजूला 'मोझनायिम' म्हणतात. त्या शब्दातच दोन आहेत, ते सांगायचे, दोन डोळे, दोन हात, दोन पाय म्हणताना हिब्रूत जे शेपूट लागतं तेच याला लागतं. एका पारड्याचा तराजू त्या भाषेला ठाऊकच नाही. आणि कानाला म्हणतात 'ओझेन'. "ऐकलंत? ओझेन, मोझनायिम. तराजूच्या पोटात कान आहे, बाई! ज्यानं हा शब्द घडवला त्याला माहीत होतं, की तोलणं म्हणजे बघणं नाही, ऐकणं." त्यांच्या पंचांगात तूळ राशीच्या महिन्यात नवं वर्ष सुरू होतं. त्याला ते कोकणातल्यासारखं नव्याचा सण म्हणत. त्या दिवसांत देव माणसाची बरीवाईट कृत्यं तराजूत घालतो असं मानतात. आजोबांचं म्हणणं, की देव त्या वेळी डोळे मिटून, मान कलती करून बसलेला असतो, भाजीबाजारातल्या त्यांच्यासारखाच. न्यायदेवतेच्या पुतळ्यावर त्यांचा फार राग. "त्या बाईचे डोळे बांधलेत, ठीक आहे. पण पट्टी एवढी रुंद कशाला? कान झाकलेत की तिचे!"

तुम्हाला माहीत आहे, मला कुठलीही गोष्ट पडताळून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. मी ट्रेननं वेलिंग्टनला गेले, ग्रंथालयात दोन दिवस बसले आणि टिपणं काढली. निघालं असं, की कान आणि तराजू यांचं नातं काही विद्वान मानतात, काही मानत नाहीत. न मानणारे म्हणतात की तराजूचा शब्द वेगळ्याच जुन्या धातूवरून आला; त्याच धातूचं अरबी भावंड फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आलं, ते म्हणजे 'वजन'. मी हे त्यांना सांगावं की नाही असा दोन दिवस विचार केला. सांगितलं तेव्हा ते टोपी घालून निघून गेले. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं खेळणं आपण मोडलं. चार दिवसांनी सकाळी आठ वाजता दार वाजलं. दारात ते. "बाई, म्हणजे आम्ही सिनेगॉगमध्ये जो शब्द ऐकायचो आणि आई दुकानात 'वजन कर रे' म्हणायची तो, हे एकाच घरातले? आणि मला कुणी सांगितलं नाही?" आणि जाता जाता म्हणाले, "कानाचं मात्र विद्वानांचं चुकलंय. त्यांना कळवा."

विद्वानांना मी कळवलं नाही, पण पुढच्याच हिवाळ्यात मला पलंगावरून उठताना सगळी खोली गरगर फिरायला लागली. दवाखान्यात एक नागपूरकडची तरुण डॉक्टर होती. तिनं माझं डोकं या बाजूला, त्या बाजूला वळवलं आणि म्हणाली, "घाबरू नका काकू, कानात आत बारीक खडे असतात, ते जागचे सरकलेत. शरीराचा तोल कानातून सांभाळला जातो ना." घरी येऊन मी हे फोनवर सांगण्याची चूक केली. अर्ध्या तासात आजोबा हजर. हातात नारळाच्या दुधातल्या फिशकरीचा डबा, चेहऱ्यावर आजारी माणसाला भेटायला येणाऱ्यानं कधीही ठेवू नये असा विजयी आनंद. "कानात तोल! खड्यांसकट! बाई, तुमच्या डोक्यात देवानं तराजू बसवलाय आणि तुम्ही ग्रंथालयात शोधत होतात!" मी डोळे मिटून पडले होते. खोली फिरत होती. त्यांनी तासभर व्याख्यान दिलं आणि कबूल करायला हवं, करी उत्तम होती.

शुक्रवारी सूर्य मावळला की तराजूवर पांढरा रुमाल पडायचा. शनिवारी त्यांच्या धर्मात तोलमाप वर्ज्य. आजोबांनी त्याचा अर्थ फार लांबवर नेला होता. शनिवारी ते कुणाबद्दल, कशाबद्दलही मत देत नसत. मत म्हणजे तोलणंच, असं त्यांचं म्हणणं. शनिवारी इथल्या मराठी मंडळाचं नाटक पाहायला आले, तर बाहेर पडताना "कसं वाटलं?" या प्रश्नावर ते दोन्ही हात वर करून "उद्या" म्हणायचे. नाटकवाल्या मंडळींना तो उद्या नको असायचा, पण तो यायचाच. रविवारी सकाळी नऊपासून फोन सुरू. कालची थकबाकीची सगळी मतं ते क्रमवार देऊन टाकत. आणि शुक्रवारची घाई तर विचारू नका. इथे डिसेंबरात सूर्य रात्री नऊपर्यंत मावळत नाही, तेव्हा त्यांना मतं द्यायला भरपूर वेळ मिळायचा आणि माणूस कंटाळून जायचा. जूनमध्ये मात्र पाचला अंधार. साडेचारला फोन यायचा, "बाई, पटकन सांगतो, तुमच्या सुनेचा नवा हेअरकट चांगला नाही, सरकारचं चुकतंय, आणि काल दिलेली शंकरपाळी उत्कृष्ट. शब्बाथ शालोम." म्हणजे शनिवारच्या शुभेच्छा, आणि फोन बंद.

तुम्हा दोघांना खडे नक्की आठवत असतील. हट नदीच्या काठावरून आणलेले सात गुळगुळीत करडे खडे त्यांनी तराजूच्या पेटीत ठेवले होते. कुणाचं भांडण असलं की तराजू आमच्या स्वयंपाकघरातल्या आकडीला टांगायचा. एक पारडं एकाचं, दुसरं दुसऱ्याचं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. आणि आपल्या पारड्यात आपण खडा टाकायचा नाही. समोरच्याच्या बोलण्यात आपल्याला आधी माहीत नव्हती अशी एखादी गोष्ट ऐकू आली, तर ऐकणाऱ्यानं बोलणाऱ्याच्या पारड्यात खडा घालायचा. हा रिवाज ते धर्मातला आहे असं भासवत. मला वाटतं त्यांनी स्वतःच काढलेला होता. अर्जुनच्या पोहण्याच्या गॉगल्सवरून तुमचं जे महायुद्ध झालं, तेव्हा अर्जुन ओरडत होता, "दॅट्स सो अनफेअर! शी टुक देम विदाउट आस्किंग!" आजोबा म्हणाले, "आधी ऐकू." ईरा शेवटी म्हणाली, की तिचे गॉगल्स पुलापाशी हरवले आणि ते सांगितलं तर आई पोहायला पाठवणं बंद करेल अशी भीती वाटली. अर्जुन, तू तेव्हा सहा वर्षांचा होतास. तू रागानं लाल झाला होतास, तरी पेटीतून एक खडा काढलास आणि तिच्या पारड्यात आपटलास. पारडं गपकन खाली गेलं. आजोबा इतके खूष झाले की त्यांनी तुम्हा दोघांना डेअरीत नेऊन आइसक्रीम दिलं आणि स्वतःही खाल्लं, मधुमेह असताना.

त्याच दिवशी, हातातलं आइसक्रीम गळत असताना, ईरानं तो प्रश्न विचारला. मीही तो इतकी वर्षं विचारायचा टाळला होता. तराजूचं एक पारडं पितळी होतं, आरशासारखं लखलखीत. दर रविवारी चिंच आणि राख लावून ते घासायचे. दुसरं पारडं म्हणजे बिस्किटांच्या गोल डब्याचं झाकण, तीन भोकं पाडून साखळीला अडकवलेलं. ते हलकं पडायचं, म्हणून त्याच्या खाली मेणानं 'पावा' नावाच्या इथल्या शिंपल्याचा एक निळा-हिरवा तुकडा चिकटवला होता. रिकामा तराजू समतोल राहावा म्हणून हलक्या बाजूला असं काहीतरी लावतात, त्याला पासंग म्हणतात. ईरानं विचारलं, "आजोबा, व्हाय इज वन साइड अ लिड?"

ते म्हणाले, दुसरं पारडं माझ्या धाकट्या भावाकडे आहे, बेनीकडे, इस्रायलला, बीरशेबा गावात. ते इकडे यायला निघाले तेव्हा वडील गेलेले होते. आईनं तराजूचे भाग सुटे केले. दांडी, काटा आणि एक पारडं थोरल्याला दिलं, दुसरं धाकट्यासाठी ठेवलं. म्हणाली, "एकत्र याल तेव्हा लावा." आणि म्हणाली, "तू खुशाल जा. बेनी राहतोय माझ्यापाशी." हे आले. आठ महिन्यांत कळलं, की बेनीही घर सोडून इस्रायलला गेला. आणि पुढच्या वर्षी आई गेली, ती एकटी असताना. शेजाऱ्यांनी सगळं केलं. "मी त्याला एक पत्र लिहिलं, त्यानं मला एक लिहिलं. दोन्ही पत्रांत एकच वाक्य होतं, तू आईला टाकून गेलास. त्यानंतर काही नाही." किती वर्षं, मी विचारलं. "अडतीस," ते म्हणाले, जणू ग्रॅम सांगत होते. ईरानं आइसक्रीमची कांडी चाटून संपवली आणि साधेपणानं विचारलं, "डिड यू डू द पेबल्स विथ हिम?"

आजोबांनी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी शनिवार नव्हता.

त्यानंतर काही महिन्यांत तुम्ही सगळे कॅनडात कॅल्गरीला गेलात आणि मी इथेच राहिले. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या रविवारी ते संध्याकाळी तराजू घेऊन माझ्याकडे आले. ठाण्याच्या मावसबहिणीकडून भावाचा नंबर मिळवला होता. खिशात ठेवून ठेवून तो कागद मऊ पडला होता. म्हणाले, "बाई, तुम्ही शिस्तीच्या. मला मुद्दे काढून द्या." मी सहा मुद्दे काढून दिले, क्रमांक घालून. त्यांनी वाचले, घडी घातली आणि त्यावर चहाचा कप ठेवला. तराजू आकडीला टांगला. खडे टेबलावर मांडले. "पितळी पारडं माझं," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "झाकण त्याचं." फोन मोठ्या आवाजावर ठेवला, कारण त्यांना उजव्या कानानं कमी ऐकू यायला लागलं होतं आणि ते मान्य नव्हतं. आपले संध्याकाळचे सहा, तिकडे सकाळ. मला म्हणाले, "तुम्ही बसा. साक्षीदार लागतो."

"बेनी?"

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण? इथे सगळेच मी असतात."

"अलिबागचा मी."

नुसती घरघर. मग पलीकडून अगदी यांच्याच आवाजात, पण जास्त खरखरीत, "अजून जिवंत आहेस?"

"आहे. तू?"

"मग फोन कुणी उचलला?"

मला हसू आलं, पण आजोबा हसले नाहीत. त्यांनी अडतीस वर्षं जपलेलं वाक्य बाहेर काढलं. तू आईला टाकून गेलास. पलीकडून तेच वाक्य तस्संच परत आलं. आवाज चढले. त्या वयाची दोन माणसं दोन टोकांच्या देशांतून एकमेकांना 'गाढवा' म्हणत होती आणि तराजू मधे शांतपणे हलत होता. मी शेवटी शिक्षिकेच्या आवाजात म्हणाले, "एकानं बोलायचं, एकानं ऐकायचं." दोघं गप्प झाले. बेनी म्हणाले, "ही कोण?" आजोबा म्हणाले, "बाई आहेत. ऐक त्यांचं. आधी तू बोल."

"मी काय बोलू? तू येणार होतास म्हणून मी गेलो."

"मी? कुठे येणार होतो?"

"परत. आईनं सांगितलं. तुझं पत्र आलं, शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवलं, थोरला नव्याच्या सणाला कायमचा परत येतोय, माझी काळजी करू नको, तू तुझी इस्रायलला मिळालेली जागा घे, नाहीतर जाईल. मी तुझ्यासाठी किल्ली दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवून गेलो. मी वाट बघत होतो, तू पोचल्याचं कळवशील."

आजोबांचा हात खड्यांवर होता. "असं पत्र मी कधीच लिहिलं नाही," ते म्हणाले. "आणि मला ती म्हणाली, बेनी राहतोय. बेनी दुकान सांभाळणार आहे."

"दुकान? मी? मला वेखंड आणि ज्येष्ठमध यातला फरक कळत नव्हता! बाबांनी मला दुकानात शिरायला बंदी केली होती. विसरलास?"

"विसरलो," आजोबा म्हणाले.

दोघांनाही एकाच क्षणी समजलं असावं, कारण दोघंही बोलायचे थांबले. त्यांच्या आईनं दोन मुलांना दोन खोट्या गोष्टी सांगितल्या होत्या, प्रत्येकाला निर्धास्त जाता यावं म्हणून. तराजूही तिनंच सोडून वाटला होता. पुढे आपण एकट्या मरू आणि हे दोघं त्याचा दोष एकमेकांवर घालतील, हे तिच्या हिशेबात नसणार. आजोबांनी एक खडा उचलला आणि झाकणात ठेवला. टिन वाजलं.

"हा कसला आवाज?" बेनीनं विचारलं.

"खडा. तुझ्या पारड्यात."

"बाबांचा तराजू? तो अजून आहे?"

"अर्धा आहे."

पलीकडे काहीतरी धातूचं टेबलावर वाजलं, आणि किल्ल्या सांडल्याचा आवाज आला. "उरलेला माझ्याकडे," बेनी म्हणाले. "दाराशी ठेवतो. किल्ल्या टाकतो त्यात." आजोबांचं तोंड उघडं राहिलं. बाबांच्या पारड्यात किल्ल्या! पण मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी ते मत गिळलं. रविवार असूनही.

तीन महिन्यांनी पार्सल आलं. आपल्या इथले सीमाशुल्कवाले बाहेरून येणाऱ्या मातीच्या कणालाही घाबरतात, त्यामुळे ते उघडून, तपासून, पुन्हा चिकटवून आलं होतं. आत काळपट, डागाळलेलं पितळी पारडं. अडतीस वर्षांत त्याला चिंच कशी ती लागली नव्हती. आजोबांनी ते माझ्या सिंकमध्ये नुसत्या पाण्यानं धुतलं. मग झाकण सोडवलं आणि भावाचं पारडं साखळ्यांना अडकवलं. दांडी हातात धरून डोळे मिटले. मी तराजूकडे बघत होते आणि मला दिसत होतं की काहीतरी चुकतंय. भावाची बाजू खाली गेली आणि खालीच राहिली.

त्यांनी डोळे उघडले. साखळ्या तपासल्या. गाठी तपासल्या. पारड्यांची अदलाबदल केली. तेच. मग ते खुर्चीत बसले आणि आपलं चकचकीत पारडं बोटांत धरून उजेडाकडे केलं. त्याची कड कागदासारखी झाली होती. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "मी हे घासून घासून झिजवलं की हो." दर रविवारी, चिंच आणि राख. बाबांची वस्तू मी कशी जपली आणि त्यानं कशी टाकली, हे स्वतःला दाखवायला. आणि जे किल्ल्यांखाली नुसतं पडून होतं, ते बाबांच्या वेळी होतं तेवढंच भरत होतं.

मला वाटलं, ते कोलमडतील. त्याऐवजी ते हसायला लागले, इतके की ठसका लागला आणि मी पाणी दिलं. लगेच फोन लावला. "बेनी, तुझं पारडं माझ्यापेक्षा जड निघालं." पलीकडून उत्तर आलं, "ते मी लहानपणापासून सांगतोय." मी म्हटलं, जड पारडं कानशीनं थोडं घासून सारखं करून घ्या, गावात एक चांगला कारागीर आहे. ते माझ्यावर रागावले, पहिल्यांदाच. "त्याचं घासायचं नाही. कमी मी झालोय." झाकणाच्या तळाचा शिंपल्याचा तुकडा त्यांनी सोडवला, मेण गरम केलं आणि तो स्वतःच्या पारड्याखाली लावला. तेवढा पुरला नाही. मग तुमच्या गॉगल्सच्या भांडणातला सगळ्यात लहान खडा दोऱ्यानं बांधला. तेव्हा कुठे काटा सरळ झाला. त्यांनी कान लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मी विचारलं, "काय म्हणतोय?" ते म्हणाले, "बोलू द्या त्याला."

पुढची दोन वर्षं दर रविवारी सहा वाजता माझ्या स्वयंपाकघरात फोन व्हायचा. स्वतःच्या घरून करा असं मी सुचवलं होतं, पण त्यांना साक्षीदार हवा होता. ते दर वेळी भांडायचे. मासळीवरून, क्रिकेटवरून, दुकानाची पायरी किती उंच होती यावरून. आईच्या विषयावर मात्र एकदाही भांडले नाहीत. नव्याच्या सणाला दोघंही तिचं नाव घेऊन थोडा वेळ गप्प बसत. फोन चालू ठेवून, पैसे गेले तरी चालतील म्हणून. बेनी यायचे म्हणाले होते, आजोबा जायचे म्हणाले होते. दोघांच्याही डॉक्टरांनी नको सांगितलं. या मे महिन्यात, थंडी पडायला लागली तेव्हा, एका मंगळवारी सकाळी आजोबा गेले. पेटीच्या झाकणाच्या आत त्यांनी चिठ्ठी चिकटवली होती, "ईरा आणि अर्जुन यांना. तिनं विचारलं आणि त्यानं खडा आपटला म्हणून. सुटा करू नये."

म्हणून बाळांनो, एक 'बोल' ईराचा आणि एक अर्जुनचा, असं होणार नाही. पाठवला तर पूर्ण पाठवीन, ज्याच्या घरी राहील त्याच्याकडे दुसऱ्यानं यायचं. घासू नका. घासायची हौस आलीच तर झाकण घासा, तेही पेटीत ठेवलं आहे.

सध्या तराजू माझ्या स्वयंपाकघरातल्या त्याच आकडीला आहे. दांडी, काटा, एक काळं पारडं, एक पिवळं पारडं, त्याखाली शिंपल्याचा तुकडा आणि एक खडा. पेटीत सहा खडे आणि एक झाकण. बीरशेबाहून बेनीआजोबा अजूनही रविवारी सहाला फोन करतात. मी उचलते.